पन्नाशीत मेकअप शोभतो का, ते नंतर बघू. आधी ती डबी बंद

ताई,

माझं वय ५१. मुलुंडला राहते, फोर्टला एका विमा कंपनीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी पाळी गेली आणि तेव्हापासून चेहरा माझा राहिलाच नाही असं वाटतं. दोन्ही गालांवर वांग आलेत, कपाळ कोरडं पडतं, हनुवटीवर एखाददुसरा जाड केस येतो. दिरांच्या मुलाच्या लग्नात मेकअपवाल्या मुलीने इतका पांढरट थर दिला की फोटोत मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्याच. त्यात जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, किती उतरलाय चेहरा तुझा, काही करत का नाहीस?" म्हणून घराजवळच्या पार्लरमध्ये गेले. त्यांनी अठरा हजारांचं पॅकेज सांगितलं. तेवढं जमणार नव्हतं, तेव्हा रात्री लावायला एक बिननावाची पांढरी डबी दिली. पहिले पंधरा दिवस जादू झाल्यासारखं वाटलं. वांग फिके पडले, चेहरा उजळला. आता तीन महिने झालेत. एक रात्र लावलं नाही तर चेहरा लाल होतो, खाज सुटते, उन्हात गेलं की आग होते.

आणखी एक. साहेबांनी मला नवीन भरती झालेल्या मुलामुलींना क्लेम्सचं काम शिकवायला सांगितलंय. दर शुक्रवारी दुपारी चाळीसजणांपुढे उभं राहायचं, रेकॉर्डिंगही होणार. विषय मला तोंडपाठ आहे, पण "पुढच्या बॅचपासून बघते" म्हणून मी टाळलं. महिनाअखेर पक्कं उत्तर द्यायचंय. मुलगी म्हणते, आई, मी लावते ती सीरम लाव. यजमान म्हणतात, तू आहेस तशीच छान आहेस. या वयात मला मेकअप शोभेल का? आणि सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, मुलुंड

प्रिय ताई,

मेकअपबद्दल भरपूर लिहिणार आहे, तो शिकवणं हेच माझं काम, आणि आवडीचं. पण त्याआधी ती डबी. ती आज रात्रीपासून लावायची नाही आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. जाताना डबी टाकून देऊ नका, पिशवीत घालून सोबत न्या.

तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे आधी झटपट उजळपणा, मग एक दिवस चुकला तरी लाली, खाज आणि उन्हात आग, ते स्टिरॉइडच्या मलमाचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यातली नेहमीची नावं. इसब किंवा सोरायसिससाठी डॉक्टर ही औषधं मोजके दिवस देतात आणि तिथे ती उत्तम काम करतात. तीच चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, लवही वाढते. हनुवटीवरच्या केसांना पाळी जाणं कारण असू शकतं, पण ही डबी त्यात भर घालत असेल. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची मोकळीक काढून घेतली. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या ट्यूबवर निदान तसा इशारा छापलेला असतो. तुमच्या डबीवर काहीच नाही, म्हणून ती जास्त धोक्याची.

त्यात स्टिरॉइडच असेल असंही नाही. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा सापडतो. आपल्याकडच्या नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालता येत नाही, नकळत आलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. तरी तो घालतात, कारण पारा त्वचेतला रंग तयार होणं रोखतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच एका स्थानिक क्रीममुळे दुखावली होती आणि त्याचा छडा आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात लागला. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पायांवर सूज येतेय का, लघवीला फार फेस येतोय का, हे मात्र डॉक्टरांना आपण होऊन सांगा आणि लघवीची साधी तपासणी करून घ्यायची का, ते विचारा.

क्रीम थांबवल्यावर चेहरा काही दिवस, कधीकधी काही आठवडे, आणखी भडकतो. ही पुढची पायरी सांगितली नाही की बायका हमखास परत त्याच डबीकडे जातात, कारण ती लावली की तासाभरात आग थांबते. यासाठीच डॉक्टर हवेत. ते गरजेप्रमाणे दुसरं औषध देऊन हा काळ निभावून नेतात. खाजगी डॉक्टरांची फी जड वाटत असेल तर शीव किंवा केईएम रुग्णालयात त्वचा विभागाची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. एक रजा जाईल, जाऊ दे. दवाखाना निवडताना पाटीवरची पदवी वाचा. त्वचारोगाची एमडी ही पदवी किंवा डीव्हीडी ही पदविका असलेला माणूस आणि कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स केलेला माणूस यांत फरक असतो, आणि तुम्हाला आत्ता पहिला हवाय.

आता वांग. तो तुमच्या हयगयीमुळे आलेला नाही. ऊन, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोन्सची उलथापालथ आणि घराण्यातून आलेली प्रवृत्ती, या सगळ्याचा तो मिळून परिणाम आहे आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर तो जास्त दिसतो. भारतात बाईची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरलं की कातडीतलं तेल कमी होतं, ओलावा टिकत नाही आणि पहिल्या पाच वर्षांत कोलॅजेन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांनी घटतं. दोन वर्षांत चेहरा बदलला असं तुम्हाला वाटतं, ते खरंच आहे. बदल वेगाने होण्याचाच हा काळ. जाऊबाईंना जो "उतरलेला" चेहरा दिसला त्याच्या मागे एवढं सगळं आहे.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर या तपासण्या झाल्यात का, तेही विचारा. थायरॉइड कमी असेल तर कितीही क्रीम चोपडलं तरी कातडी कोरडीच राहते. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात, आणि आपण मात्र पेन्सिल घेऊन भुवया भरत बसतो. मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसत असेल तर तो मळ नाही. ती बऱ्याचदा साखरेची चाहूल असते आणि घासून जात नाही. आमच्या व्यवसायात अशा मानेला स्क्रब करून पैसे घेतले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कातडी शांत होईपर्यंत फक्त तीन गोष्टी ठेवा. फेस न करणारा, बिनवासाचा क्लीन्झर. सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर. आणि सनस्क्रीन. मुलीची सीरम प्रेमाने परत द्या. विशीच्या आतली तेलकट कातडी आणि स्टिरॉइडने सोललेली तुमची कातडी यांना एकच बाटली चालणार नाही. व्हिटॅमिन सी, ग्लायकॉलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल ही नावं वाईट नाहीत, पण आत्ता लावलीत तर जळजळेल. कातडी सावरली की डॉक्टरांशी बोलून एकेक सुरू करता येतं. वांगासाठी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड किंवा नायसिनामाइड, बारीक रेषांसाठी रात्री वाटाण्याएवढं रेटिनॉल, आठवड्यातून दोन रात्री. दोन नव्या गोष्टी एका वेळी कधीच सुरू करू नका, नाहीतर कशाने त्रास झाला ते कळत नाही. आणि लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच, डाळीच्या पिठाने खसाखसा घासणं, हे सगळं बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत.

सनस्क्रीनवर मात्र थोडं थांबते, कारण वांगावरचा अर्धा उपचार तोच आहे आणि बहुतेकजणी तो अर्धवट करतात. एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी, सुमारे ९७ टक्के किरणं अडवतं, ५० वालं ९८ टक्के. म्हणजे आकड्याच्या मागे धावून उपयोग नाही, किती लावता त्याला महत्त्व आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. आपण मात्र त्यातला पाव-अर्धा हिस्साच लावतो. दुसरं म्हणजे वांगाला नुसती अतिनील किरणं नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो. त्याला साधं पांढरं सनस्क्रीन पुरत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन लागतं. त्याचा दुसरा फायदा असा की ते फाउंडेशनचं निम्मं काम करतं आणि सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक येत नाही. ऑफिसात खिडकीजवळ बसत असाल तर काचेतून यूव्हीए, म्हणजे कातडीत खोल जाणारी अतिनील किरणं, आत येतात, हेही लक्षात असू द्या. सकाळी निघताना एकदा आणि दुपारी डबा खाऊन झाल्यावर एकदा. फोर्टात दुपारी चहाला बाहेर पडताना छत्री उघडा. पावसाळ्यातच छत्री उघडायची असा काही नियम नाही.

पत्रात उल्लेख नाही, तरी दोन गोष्टी विचारते. टिकली चिकटवता का? आणि केसांना कलप लावता? टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्याने काहींच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. तसं दिसायला लागलं तर चिकटवायची टिकली त्या दिवशीच थांबवा, डाग मोठा होईपर्यंत वाट बघू नका. कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने कपाळाच्या कडेला आणि कानांजवळ खाज येऊन काळसर पट्टा उमटू शकतो, आणि बायका तो वांग समजून त्यावर क्रीम लावत बसतात. तुमच्या चेहऱ्यावरच्या काळपटपणापैकी किती वांग आणि किती दुसरं काही, हे डॉक्टर दिव्याखाली बघून सांगतील. नवीन काहीही आणलं, महागातलं असो की स्वस्तातलं, तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस थांबा.

आणि अठरा हजारांचं पॅकेज? घेऊ नका. वांग फिका होतो, आटोक्यात राहतो, पण ऊन लागलं की परत येतो. "कायमचा घालवून देतो" असं सांगणारा माणूस एकतर जाणत नाही किंवा सांगत नाही.

आता मेकअप.

शोभेल का, असं तुम्ही विचारलंत. माझ्याकडे शिकायला चाळिशी-पन्नाशीच्या ज्या बायका येतात, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या पहिल्याच दिवशी एक वाक्य बोलतात: "मला तरुण दिसायचं नाहीये हो, फक्त थकलेली दिसायला नको." तुमच्या पत्रातही मला हेच ऐकू आलं. या मागणीत न शोभण्यासारखं काय आहे? पंचविशीच्या मुलीने लिपस्टिक लावली तर कोणी तिला कारण विचारत नाही. पन्नाशीच्या बाईने लावली की ती कोणासाठी, कशासाठी, असे प्रश्न निघतात. त्या प्रश्नांची उत्तरं देणं तुमचं काम नाही. तुम्हाला हवाय, म्हणून शोभतो. आणि नको असेल तर तोंड धुऊन, तेलपाणी करून व्याख्यानाला उभ्या राहा, तेही तितकंच शोभतं. यजमान म्हणतात ते प्रेमाने म्हणतात, त्यांचं चूक नाही. पण तुम्ही त्यांना छान दिसते का असं विचारलंच नव्हतं. आरशासमोर उभं राहिल्यावर जी अनोळखी वाटते तिच्याशी ओळख कशी करून घेऊ, हा तुमचा प्रश्न होता.

लग्नातल्या फोटोत काय झालं ते आधी सांगते, म्हणजे मेकअपचं नावच नको असं होणार नाही. आपली कातडी गव्हाळ-सावळी, आतून पिवळसर किंवा सोनेरी. त्या मुलीने दोन शेड उजळ आणि गुलाबी झाकेचं फाउंडेशन वापरलं. पिवळ्यावर गुलाबी-पांढरं बसलं की राखाडी दिसतं. वर पावडरचे थर, आणि फ्लॅश पडला की पावडरमधले पांढरे कण चकाकतात. त्यात तुमच्या चेहऱ्याचा दोष काडीचाही नाही. नववधूवर वापरायची पद्धत तिने तशीच तुमच्यावर वापरली, एवढंच.

तुमची शेड अशी शोधा. दुकानात हाताच्या मनगटावर लावून बघू नका, मनगट आणि चेहरा एका रंगाचे नसतात. तीन जवळच्या शेड घ्या आणि जबड्याच्या हाडावरून मानेकडे उतरणाऱ्या तीन उभ्या रेघा ओढा. मग दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखालून बाहेर या, उजेडात उभ्या राहा आणि दहा मिनिटं थांबा, कारण हवा लागून बऱ्याच फाउंडेशनचा रंग थोडा गडद होतो. दहा मिनिटांनी जी रेघ शोधावी लागते ती तुमची. विक्रेती मुलगी "मॅडम, एक शेड उजळ घ्या, छान दिसेल" म्हणेल. घेऊ नका. मानेचा रंग हा तुमचा रंग, तोच चेहऱ्यावर यायला हवा.

पण खरं सांगायचं तर तुम्हाला चेहराभर फाउंडेशनची गरजही नाही. टिंटेड सनस्क्रीन सगळीकडे, आणि झाकायचं फक्त जिथे वांग आहे तिथे. वांगावर थेट कातडीच्या रंगाचं कन्सीलर लावलं तर खालचा तपकिरी-करडा रंग वर डोकावतो आणि डाग मातकट दिसतो. म्हणून आधी पीच किंवा केशरी झाकेचा करेक्टर, मुगाच्या डाळीच्या दाण्याएवढा. अनामिकेने लावायचा, कारण त्या बोटाचा जोर कमी पडतो. घासायचं नाही, टिचक्या मारल्यासारखं टेकवत जायचं, वांगाच्या मध्यापासून कडेकडे. कडेला पोचेपर्यंत बोटावर काहीच उरलेलं नसावं, मग कड आपोआप विरते. मिनिटभर थांबायचं. मग तुमच्या शेडचं कन्सीलर त्याच पद्धतीने, त्याहून कमी. डाग शंभर टक्के झाकण्याच्या नादाला लागू नका. सत्तर टक्के झाकला की समोरच्या माणसाला तो दिसत नाही, शंभर टक्के झाकला की थर दिसतो.

एक अडचण पन्नाशीत सगळ्यांची असते आणि यूट्यूबवरच्या पोरी ती कधी सांगत नाहीत, कारण त्यांना ती नसते. चष्मा घातला की डोळ्यांपर्यंत हात पोचत नाही, चष्मा काढला की भुवई दिसत नाही. मग काजळ कुठे जातं आणि भुवई कुठे, कळत नाही, आणि आपल्याला जमतच नाही असं वाटायला लागतं. पाचपट मोठं दाखवणारा छोटा आरसा आणा, तो खिडकीत ठेवा. भुवया आणि डोळे त्यात करायचे, आणि झालं की लगेच नेहमीच्या आरशात हातभर लांबून बघायचं. मोठ्या आरशातच बघत बसलात तर रंध्रारंध्राला नावं ठेवत अर्धा तास जाईल. हातभर अंतरावरून जे दिसत नाही ते जगाला दिसत नाही.

भुवया केसांच्या रंगापेक्षा एक छटा फिक्या पेन्सिलने, छोट्या छोट्या रेघांनी, केस उगवल्यासारख्या भरा. सगळा चेहरा जागा होतो. चेहऱ्यावर वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी भुवयांना देईन. काजळ खालच्या पापणीत घालून लोकलमध्ये चढलात तर दादर येईस्तोवर ते डोळ्यांखाली उतरलेलं असेल. वरच्या पापणीच्या मुळाशी, वॉटरप्रूफ पेन्सिलने, बारीक. गालांवर पावडर ब्लश नको, क्रीमचा घ्या, आणि हसल्यावर फुगणाऱ्या जागेपेक्षा जरा वर लावा. पावडर फक्त नाकावर आणि कपाळाच्या मधोमध. डोळ्यांखाली पावडर म्हणजे प्रत्येक रेषेला अधोरेखित करणं. लिपस्टिकमध्ये फिकट न्यूड रंग टाळा, ते आपल्या ओठांवरचा रक्ताचा रंगच काढून घेतात. विटकरी, मरून, जांभळासारखा, डाळिंबी, यांतला कोणताही. आपल्या आया-मावश्यांच्या साड्यांचे हे रंग आहेत आणि ते आपल्या कातडीसाठीच केलेत असं मला नेहमी वाटतं.

सामान म्हणाल तर टिंटेड सनस्क्रीन, करेक्टर, कन्सीलर, भुवयांची पेन्सिल, डोळ्यांची पेन्सिल, क्रीम ब्लश, लिपस्टिक. एवढ्यात सगळं आलं. क्रीम ब्लश नसेल तर लिपस्टिकचाच एक ठिपका गालावर चालतो. ठोक बाजारात नामांकित ब्रँडची वस्तू निम्म्या किमतीत दिसली तर हात आखडता घ्या. नक्कल हुबेहूब असते. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली नसेल तर तीही त्या पांढऱ्या डबीचीच बहीण. दुकानातला लिपस्टिकचा टेस्टर ओठांना लावू नका, हातावर बघा. हे सगळं आणायचं मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. तोपर्यंत भुवया आणि लिपस्टिक एवढं पुरे, त्यांना गालाची कातडी लागत नाही.

आणि आता शुक्रवारचं. ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, वांग नव्हे. तुम्ही क्लेम्सचं काम तोंडपाठ असताना उभं राहायचं टाळलंत. चेहरा नीट झाला की मग हो म्हणेन, असं मनात धरलंत तर स्टिरॉइडमधून कातडी सावरायला काही महिने लागणार आणि साहेबांना उत्तर महिनाअखेर हवंय. ही गाठ सोडवा. दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून ठेवू नका. चेहरा लाल असेल तर लाल चेहऱ्याने हो म्हणा. समोर बसलेल्या चाळीसजणांना आयुष्यातली पहिली नोकरी लागलीय. कागद अपुरे असतील तर क्लेम अडतो कुठे, रडत आलेल्या वारसाशी बोलायचं कसं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवंय आणि ते तुम्हाला येतं. मी मेकअप शिकवून पोट भरते, तरी सांगते, मेकअपने हे काम येत नाही. उभं राहताना मनातली एक कटकट कमी होते, आणि ती कमी होणं मोलाचं आहे, म्हणूनच मी हा धंदा करते.

शिकवताना मध्येच अंगातून वाफा निघाल्यासारखं झालं, घामाने तोंड डबडबलं, तर घाबरू नका. टिश्यू चेहऱ्यावर ठेवून दाबा, पुसू नका, वरून पावडर नको. थर पातळ असेल तर काही ओघळत नाही. सुती साडी किंवा कुर्ता, हाताशी पाणी, पंख्याजवळची जागा. त्या दिवशी दुपारी कडक चहा आणि झणझणीत डबा जरा लांब ठेवून बघा, काहीजणींना त्याने फरक पडतो. हे वरचेवर होत असेल, झोप मोडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. त्यावर हार्मोन्सचे आणि हार्मोन्सशिवायचेही उपचार आहेत. पाळी गेली म्हणजे सोसायचंच, असं काही नाही.

एक करा. मुलीला तिची सीरम परत देताना एक काम सांगा: घरातल्या ट्यूबलाइटखाली, तुम्ही दहा मिनिटं शिकवताय, असं फोनवर रेकॉर्ड करायला. ऑफिसातला दिवाही डोक्यावरच असणार, त्याने डोळ्यांखाली सावली पडते. ती प्रत्येकाच्या पडते. पहिल्यांदा बघाल तेव्हा तुम्हाला फक्त चेहरा दिसेल, तेवढं होऊ दे. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवून हात आणि खांदे बघा. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐका, आणि मुलीला विचारा, तुला समजलं का.

जाऊबाई पुन्हा भेटतील, घर एकच आहे. "हो ना, डॉक्टरांचं औषध चालू आहे" एवढं म्हणा आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा. त्याही त्याच वयाच्या असतील. त्यांच्याकडेही अशी एखादी बिननावाची डबी असली, तर ती बंद करायला मात्र नक्की सांगा.

पहिल्या सत्राच्या आधीच्या पंधरा दिवसांत चेहऱ्यावर नवीन काहीही करायचं नाही. फेशियल नाही, ब्लीच नाही, मैत्रिणीने दिलेला मास्क नाही. थ्रेडिंगसुद्धा डॉक्टरांना विचारून, आणि तेही बुधवारीच उरका, म्हणजे शुक्रवारपर्यंत लाली उतरेल.